संग्राह्य गावे आणि जिवंत दावे

१

मराठी समीक्षेत 'दस्तऐवज' या शब्दाला गेल्या काही वर्षांत जी प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे, ती कशावर उभी आहे हे तपासणे आता अगत्याचे झाले आहे. जुनी छायाचित्रे मिळवावीत, त्यांचे क्रम लावावेत, त्यांच्या प्रतिमा संगणकात साठवाव्यात आणि या साऱ्या खटाटोपाला 'प्रदेशाचा इतिहास वाचवणे' असे म्हणावे, अशी एक भूमिका चर्चासत्रांतून आणि प्रबंधांच्या प्रस्तावनांतून सर्रास मांडली जाते. तीवर आक्षेप घेणे हे कृतघ्नपणाचे लक्षण मानले जाते; कारण कागद वाळवीच्या तोंडून ओढून काढणाऱ्या माणसाविषयी कोणाच्याही मनात आदरच असतो. परंतु आदर ही समीक्षा नव्हे. संग्राहकाने काय वाचवले या प्रश्नाबरोबरच, वाचवताना त्याने कशाचे काय करून टाकले, हाही प्रश्न विचारावाच लागतो.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. नव्या जिल्ह्याला स्वतःचा भूतकाळ हवासा वाटणे स्वाभाविक आहे, आणि बोईसर-तारापूरसारख्या पट्ट्याच्या बाबतीत तो छायाचित्रांतून शोधण्याचा मोह विशेषच होतो. शेते, चिकूच्या-नारळाच्या वाड्या आणि मच्छीमारांच्या वस्त्या यांच्यामध्ये एका पिढीच्या आत अणुवीजकेंद्र आणि औद्योगिक वसाहत उभी राहिली. इतक्या वेगाने पालटलेल्या भूमीचे 'आधी' आणि 'नंतर' टिपणारी चित्रे एकत्र केली की इतिहास आपोआप सिद्ध होईल, असे मानले जाते. या मानण्यामागे एक परदेशी आदर्श आहे. त्याचे नाव क्वचितच घेतले जाते. पण त्याची मूल्ये मात्र जशीच्या तशी उचलली जातात. अमेरिकेच्या पश्चिमेकडील खाणगावांच्या जुन्या स्टिरिओस्कोपिक छायाचित्रांचा संग्रह, हा तो आदर्श. पालघरविषयी बोलण्याआधी त्याची उलटतपासणी करणे आवश्यक आहे.

२

स्टिरिओग्राफ म्हणजे जोडचित्र. दोन डोळ्यांमध्ये जेवढे अंतर असते, साधारण तेवढ्याच अंतरावरच्या दोन भिंगांतून एकाच दृश्याची दोन छायाचित्रे घ्यायची, सुमारे सात इंच लांब आणि साडेतीन इंच रुंद पुठ्ठ्यावर ती शेजारीशेजारी चिकटवायची आणि दर्शकयंत्रातून पाहायची. दोन सपाट चित्रे मेंदूत एकरूप होतात आणि खोलीचा आभास निर्माण होतो. चार्ल्स व्हीटस्टन याने १८३८ मध्ये या तत्त्वाची मांडणी केली, तेव्हा छायाचित्रणाची कला जाहीरही झालेली नव्हती. पुढे डेव्हिड ब्रूस्टर याने भिंगांचे सुटसुटीत यंत्र तयार केले. अमेरिकेतील डॉक्टर आणि निबंधकार ऑलिव्हर वेंडेल होम्स याने १८६१ मध्ये हातात धरायचा स्वस्त दर्शक घडवला व त्याचे एकस्व जाणूनबुजून घेतले नाही. त्यामुळे मध्यमवर्गीय दिवाणखान्यात जग येऊन बसले.

याच होम्सने १८५९ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात या माध्यमाचे भवितव्य सांगून ठेवले होते. यापुढे वस्तूचे रूप तिच्या द्रव्यापासून वेगळे झाले आहे. रूप हाती आले की वस्तूची गरज नाही. दक्षिण अमेरिकेत कातड्यासाठी गुरे मारतात आणि धडे तशीच टाकून देतात, तशी माणसे आता जगातील वस्तूंची शिकार करतील, अशा आशयाचे त्याचे विधान आहे. होम्सने हे उत्साहाच्या भरात लिहिले होते. संग्राहकांच्या लेखनात त्याचे नाव जनकाच्या आदराने येते. धडांचा उल्लेख मात्र सहसा टाळला जातो.

खाणगावांची जोडचित्रे या कातड्याच्या व्यापारातील विशेष मागणी असलेला माल होती. सॅन फ्रान्सिस्को येथील लॉरेन्स अँड हाउसवर्थ या पेढीने १८६० च्या दशकात कॅलिफोर्नियातील सोन्याच्या आणि नेवाडातील चांदीच्या प्रदेशांची चित्रे विकली. आल्फ्रेड हार्ट याने सेंट्रल पॅसिफिक रेल्वेच्या बांधणीची ३६४ क्रमांकित जोडचित्रे काढली. सरकारी भूवैज्ञानिक पाहणीबरोबर गेलेला टिमथी ओसलिव्हन १८६७-६८ च्या हिवाळ्यात कॉमस्टॉकच्या खाणीत उतरला आणि मॅग्नेशियम पेटवून त्या उजेडात त्याने जमिनीखालच्या कामगारांची छायाचित्रे घेतली. पेढी, रेल्वे, सरकारी पाहणी – या तीन नावांतच चित्रे कोणासाठी काढली गेली याचे उत्तर आहे. भांडवल गुंतवणाऱ्याला खाण दिसावी, प्रवाशाला मार्ग दिसावा, सरकारला प्रदेश दिसावा.

३

संग्राहकाचे ज्ञान क्षुल्लक आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. विल्यम कल्प डॅरा याने १९६४ आणि १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांनी या क्षेत्राला शिस्त लावली. पुठ्ठ्याचा रंग, त्याचे कोपरे, तो सपाट आहे की वक्र, पाठीवरील छापील मजकूर यांवरून काळ ठरवता येतो. यादवी युद्धाचा खर्च भागवण्यासाठी अमेरिकेत सप्टेंबर १८६४ ते ऑगस्ट १८६६ या काळात छायाचित्रांवर करतिकीट लावणे सक्तीचे होते. म्हणून तिकीट असलेले जोडचित्र त्या दोन वर्षांत विकले गेले असे खात्रीने सांगता येते. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या तेथील राष्ट्रीय स्टिरिओस्कोपिक संघटनेने आणि तिच्या नियतकालिकाने असे ज्ञान हौशी लोकांपर्यंत पोहोचवले. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आज सत्तर हजारांहून अधिक जोडचित्रे अभ्यासकाला पाहता येतात, ती अशाच एका संग्राहकाच्या ध्यासामुळे. हे सारे मान्य केलेच पाहिजे.

परंतु हे ज्ञान पुठ्ठ्याविषयीचे आहे, गावाविषयीचे नाही. संग्राहकाच्या मूल्यश्रेणीत तीन गोष्टी मोजल्या जातात : मालिका पूर्ण आहे का, प्रत निर्मळ आहे का, आणि दर्शकात घातल्यावर खोली किती उमटते. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाचे मूल्य तो अग्रभागी उभा राहून खोली वाढवतो की नाही यावर ठरते. लेखकत्वाचा प्रश्न घ्यावा. कार्लटन वॉटकिन्स हा या काळातील श्रेष्ठ छायाचित्रकार. १८७० च्या दशकाच्या मध्यास तो कर्जात बुडाला, त्याच्या काचा आयझेया टेबर या व्यावसायिकाच्या हाती गेल्या आणि टेबरने त्या स्वतःच्या नावाने छापून विकल्या. एकच चित्र दोन नावांनी बाजारात फिरले. संग्राहकाला यातून दोन 'प्रकार' मिळतात आणि तो दोन्ही मिळवतो. श्रम एकाचे, नाव दुसऱ्याचे, ही गोष्ट त्याच्या नोंदवहीत प्रतींच्या फरकाची म्हणून जमा होते.

या मूल्यश्रेणीची एक पूर्वअट आहे, आणि या लेखाचा मुख्य आक्षेप तिच्यावर आहे. खाणगाव संग्राह्य होण्यासाठी ते मेलेले असावे लागते. धातू संपला, माणसे निघून गेली, ओस पडलेल्या घरांतून वारा वाहू लागला, की त्या गावाच्या चित्राला किंमत येते. कॅलिफोर्नियातील बोडी हे गाव १९६२ मध्ये राज्याचे ऐतिहासिक उद्यान झाले. तेथे घरांची पुनर्बांधणी करायची नाही आणि ती कोसळूही द्यायची नाहीत. पडझड आहे त्या अवस्थेत थोपवून धरायची, असे तेथील अधिकृत धोरण आहे. संग्राहकाच्या इच्छेचे याहून नेमके वर्णन करता येणार नाही.

मृत्यूची ही अट एकदा मान्य केली की तिच्याही आधीचा मृत्यू दिसेनासा होतो. सोन्याच्या शोधाच्या सुमारास कॅलिफोर्नियात मूळनिवासींची संख्या अंदाजे दीड लाख होती. १८७० पर्यंत ती तीस हजारांच्या आसपास आली, असे इतिहासकार सांगतात. रोगराई, उपासमार आणि उघड कत्तली या तिन्ही मार्गांनी ती घटली. 'सीमांत' हा शब्दच मुळी या रिकाम्या केलेल्या भूमीला दिलेले सभ्य नाव आहे. फ्रेडरिक जॅक्सन टर्नर याने १८९३ मध्ये शिकागो येथे सीमांत संपल्याचे प्रतिपादन केले आणि संपलेल्या सीमांतात अमेरिकी वृत्तीचे मूळ पाहिले. जे संपले असे सांगितले जाते त्याचा संग्रह करता येतो. ज्यांची भूमी गेली त्यांचे मागणे मात्र संपलेले नव्हते, हे ना त्या प्रबंधात येते, ना पुठ्ठ्याच्या पाठीवर.

४

या चित्रांचा आरंभ पाहिला तर गोष्ट अधिकच स्पष्ट होते. वॉटकिन्सच्या अगदी आरंभीच्या कामांपैकी काही काम न्यायालयासाठी झाले होते. पाऱ्याच्या खाणीलगतच्या जमिनीची मालकी कोणाची, या वादात त्याची छायाचित्रे पुरावा म्हणून मांडली गेली आणि १८६० च्या दशकाच्या आरंभी त्याने स्वतः साक्षही दिली. म्हणजे पुढे ज्याची चित्रे निखळ सौंदर्य म्हणून भिंतीवर लावली गेली, त्याचे छायाचित्रण जमिनीच्या दाव्यातही वाढले होते.

दुसरे उदाहरण पाण्याच्या माऱ्याने डोंगर फोडून सोने काढण्याच्या पद्धतीचे. मॅलाकॉफ येथील अशा खाणीची वॉटकिन्सने काढलेली चित्रे संग्राहकांना प्रिय आहेत. पाण्याचे प्रचंड फवारे आणि कोरलेले कडे त्यांत दिसतात. पण डोंगरातून सुटलेला गाळ नदीवाटे खाली गेला, शेते गाडली गेली, पूर आले. शेतकऱ्यांनी दावा लावला आणि १८८४ मध्ये न्यायाधीश लोरेन्झो सॉयर यांनी गाळ नदीत सोडण्यास मनाई केली. म्हणजे त्या चित्राला नदीच्या खालच्या अंगाला एक जोड आहे : गाडल्या गेलेल्या शेताची आणि त्यावरच्या फिर्यादीची. ही जोड दर्शकात कधीच घातली जात नाही. दर्शकातील दोन्ही चित्रे एकाच जागेवरून, एकाच तिवईवरून, एकाच मालकासाठी घेतलेली असतात. त्यांच्यात अडीच इंचांचा फरक असतो आणि त्या फरकातून जी खोली निर्माण होते तिलाच वास्तव समजले जाते.

संग्रहाची क्रिया कोठे घडते ते येथे नेमके सांगता येते. दावा हा वर्तमानकाळात उभा असतो. त्याला वादी असतो, प्रतिवादी असतो, आणि निकाल देण्याची जबाबदारी कोणावर तरी असते. स्मृतीला यांपैकी काहीच लागत नाही. तिला फक्त हळहळणारा प्रेक्षक लागतो. संग्रह दाव्याचे रूपांतर स्मृतीत करतो. हे रूपांतर पुष्कळदा सद्भावनेने होते, आणि म्हणूनच ते ओळखू येत नाही.

५

या ठिकाणी सिद्धान्तप्रेमी अभ्यासक हस्तक्षेप करील. तो म्हणेल की हे सारे ज्ञात आहे. रोझालिंड क्रॉस हिने १९८२ मध्येच दाखवून दिले की ही चित्रे 'निसर्गचित्र' या सौंदर्यशास्त्रीय प्रकारात मोडत नाहीत. ती 'दृश्य' म्हणून, कपाटाच्या खणांत भूगोलाच्या क्रमाने लावण्यासाठी निर्माण झाली, आणि संग्रहालयाच्या भिंतीवर टांगताना त्यांचा ज्ञानव्यूहच बदलला गेला. जोनाथन क्रेरी याने १९९० मध्ये मांडले की स्टिरिओस्कोपमधील खोली ही दृश्यात नसून पाहणाऱ्याच्या देहात निर्माण होते, आणि एकोणिसाव्या शतकाने 'पाहणारा' ही व्यक्तीच नव्याने घडवली. मग निष्कर्ष असा की गाव नावाची वस्तू कधी हाती लागतच नाही. सारा खेळ प्रतिरूपांचा आहे.

क्रॉस आणि क्रेरी यांच्या प्रतिपादनाविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यावरून मराठीत काढल्या जाणाऱ्या सोयीस्कर निष्कर्षाविषयी. 'सारे प्रतिरूपच आहे' असे म्हणणारा समीक्षक आणि 'सारे जपून ठेवले पाहिजे' असे म्हणणारा संग्राहक हे वरवर विरोधी दिसतात; पण निकालाची जबाबदारी दोघेही सारख्याच तत्परतेने झटकतात. पहिल्याला दावा ही केवळ आणखी एक संहिता वाटते, दुसऱ्याला तो केवळ आणखी एक कागद वाटतो. सॉयरच्या न्यायालयात गाळाने भरलेल्या शेताचे 'प्रतिरूप' मांडले गेले हे खरेच. परंतु मनाई हुकूम प्रतिरूपावर बजावला गेला नव्हता, तो कंपनीवर बजावला गेला आणि पाणी थांबले.

या संदर्भात ॲलन सेक्युला याचे १९८३ मधील लेखन अधिक उपयोगी आहे, आणि आपल्याकडे ते कमी वाचले जाते हा योगायोग नसावा. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातील ग्लेस बे या कोळसाखाणीच्या गावात लेस्ली शेडन नावाच्या व्यावसायिकाचा स्टुडिओ होता. १९४८ ते १९६८ या काळातील त्याच्या चित्रांचे पुस्तक निघाले, तेव्हा सेक्युलाने त्यात निबंध लिहिला. तोच छायाचित्रकार कोळसा कंपनीसाठी यंत्रांची चित्रे काढत होता आणि तोच खाणकामगारांच्या घरची लग्ने टिपत होता. दोन्ही प्रकार एका अल्बममध्ये आले की ते एकाच 'गावच्या इतिहासा'चे दिसू लागतात, आणि चित्रे कोणी मागवली, पैसे कोणी दिले, ती कोणत्या वादात कोणाच्या बाजूला उभी होती, हे पुसले जाते. संग्रह अर्थ मोकळा करतो, आणि मोकळा झालेला अर्थ विकता येतो. सेक्युलाच्या या आक्षेपाला संग्राहकांकडे समाधानकारक उत्तर नाही.

६

आता पालघरकडे वळता येईल. येथे खाणगाव नाही हे उघड आहे. परंतु सीमांताची नजर येण्यासाठी खाण असावीच लागते असे नाही. जमीन रिकामी आहे असे गृहीत धरणारा कोणीतरी पुरेसा असतो. मुंबई परिसराला ही नजर जुनीच परिचयाची आहे. विल्यम जॉन्सन याने मुंबईतील जातीजमातींची छायाचित्रे १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केली. त्यांतील अनेक चित्रांत माणसे एका ठिकाणी टिपून दुसऱ्याच पार्श्वभूमीवर बसवलेली आहेत. माणूस आणि त्याची भूमी ही दोन सुटी कात्रणे मानून जोडण्याची ही रीत समजून घेण्यासारखी आहे. पुढे अंडरवूड अँड अंडरवूड या अमेरिकी कंपनीने जेम्स रिकाल्टन याच्याकडून स्टिरिओस्कोपमधून हिंदुस्थानची सफर घडवली. १९०७ च्या त्या पुस्तकाबरोबर जोडचित्रे होती आणि छायाचित्रकार कोठे उभा होता हे दाखवणारे नकाशेही होते. समोर उभे असलेल्यांना तो कोठून दिसत होता, हे त्या नकाशांत अर्थातच नाही.

तारापूरचा अमेरिकी सीमांताशी असलेला संबंध केवळ उपमेचा नाही. १९६३ च्या भारत-अमेरिका करारानुसार उभारलेल्या अणुवीजकेंद्राच्या पहिल्या दोन संचांसाठी जनरल इलेक्ट्रिक ही कंपनी होती आणि बांधकाम बेक्टेल या सॅन फ्रान्सिस्कोच्या कंपनीकडे होते. ज्या शहरातून १८६० च्या दशकात खाणगावांची जोडचित्रे विकली गेली, त्याच शहरातून शंभर वर्षांनी तारापूरच्या किनाऱ्यावर माणसे आणि नकाशे आले. ऑक्टोबर १९६९ मध्ये केंद्र व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. पुढे बोईसरला लागून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर वसाहत वाढली. रसायने, औषधे, रंग, पोलाद, कापड यांचे कारखाने आले. प्रत्येकी ५४० मेगावॉटचे आणखी दोन संच २००५ आणि २००६ मध्ये कार्यान्वित झाले. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठवली गेली.

'उठवली गेली' या कर्मणी प्रयोगापाशी थांबले पाहिजे. संग्राहकाच्या भाषेत या दोन गावांचे नाव आता 'हरवलेली गावे' असे होऊ पाहते. हरवणे ही अकर्मक क्रिया आहे. तिला कर्ता लागत नाही. उठवणे ही सकर्मक क्रिया आहे आणि तिचा कर्ता शासकीय कागदपत्रांत नावानिशी नोंदलेला आहे. अक्करपट्टी-पोफरणचे लोक हरवलेले नाहीत. ते पुनर्वसनाच्या वसाहतींत राहतात, घरे, नोकऱ्या, मासेमारीची गेलेली जागा यांविषयी बोलतात, अर्ज करतात. त्यांनी न्यायालयाचे दार ठोठावले आहे. त्यांच्या गावाचे जुने छायाचित्र प्रदर्शनात 'स्मृती' या शीर्षकाखाली लावणे म्हणजे चालू खटल्यातला पुरावा उचलून दिवाणखान्यात नेणे होय.

औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याचीही हीच गोष्ट. नवापूरची खाडी आणि किनारा दूषित झाल्याविरुद्ध मांगेला समाजाच्या संघटनेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादापुढे दाद मागितली. नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या शेतकऱ्यांनी कॅलिफोर्नियात जे केले, तेच येथे खाडीच्या तोंडाशी राहणाऱ्या मच्छीमारांनी केले. उद्या कोणी बोईसरच्या चिमण्यांची आणि नवापूरच्या होड्यांची देखणी चित्रमालिका काढली, तर तीत होडी 'लोप पावणाऱ्या जीवनपद्धती'चे चिन्ह होईल. लवादापुढील अर्जात ती होडी उत्पन्नाचे साधन आहे. चिन्हमीमांसेचे पाठ गिरवलेल्या विद्यार्थ्याने या दोन अर्थांतील भेद सांगितला नाही, तर त्याने काय शिकले असे विचारावे लागेल.

७

संग्रहाने एखाद्या परंपरेचे काय होते याचा पुरावा शोधण्यासाठी पालघर जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. वारली चित्र हे मुळात लग्नविधीचे अंग आहे. सुवासिनी घराच्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहितात, त्यात पालघाट देवी असते, धवलेरी गाणी म्हणते, आणि लग्न लागते. ते चित्र टिकावे अशी अपेक्षाच नसते. भिंत पुन्हा सारवली की ते जाते आणि पुढच्या लग्नाला नवे लिहिले जाते. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने हे चित्र कागदावर आले, आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी त्याला व्यक्तिगत प्रतिभेचे रूप दिले. मशे यांची थोरवी निःसंशय आहे आणि त्यांना २०११ मध्ये मिळालेली पद्मश्री योग्यच होती. परंतु स्त्रियांचा विधी पुरुषांच्या नावाने सही होणारी कला झाला आणि पुसले जाण्यासाठी लिहिलेले चित्र चौकटीत बसवण्यासाठी रंगवले जाऊ लागले, हेही तितकेच खरे.

येथे एक विपर्यास लक्षात घ्यावा. वारल्यांनी १९४५ पासून गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध जो लढा दिला, त्याची भूमी हीच. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबण्यास नकार देणारा वारली आणि भिंतीवर तारपा नाचाचे वर्तुळ काढणारा वारली हे एकाच समाजाचे लोक. तरीही शहरी दिवाणखान्यात पोहोचला तो दुसरा. पहिला सातबाऱ्याच्या उताऱ्यावर आणि वनहक्काच्या अर्जावर अजून उभाच आहे.

८

वाङ्मयसमीक्षेचा या साऱ्याशी काय संबंध, असा प्रश्न या टप्प्यावर विचारला जाईल. संबंध थेट आहे. विस्थापनाविषयीचे मराठी लेखन वाचताना आपली समीक्षा संग्राहकाचीच मूल्यश्रेणी वापरते. बोली किती अस्सल, तपशील किती दुर्मीळ, लोप पावलेले जग किती 'खोल' उभे केले आहे, यांवर कृतीचा दर्जा ठरतो. विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती'ला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणग्रस्तांच्या या कादंबरीचा बराचसा भाग अर्ज, कचेऱ्या, नोटिसा आणि हेलपाटे यांनी व्यापलेला आहे. स्मरणरंजनाच्या सवयीने वाचणाऱ्याला हाच भाग रूक्ष, वृत्तान्तवजा वाटतो आणि बुडालेल्या गावाची वर्णने तेवढी 'वाङ्मयीन' वाटतात. वस्तुतः अर्जांचा तो पसाराच त्या कादंबरीचे आशयसूत्र आहे, कारण दावा तेथे जिवंत आहे. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे १९७० मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक 'आत्मकथनपर दस्तऐवज' या कप्प्यात ठेवले की समीक्षकाचे काम संपते. ते कोणाविरुद्ध केलेले प्रतिपादन आहे, याची चर्चा करावी लागत नाही.

देशीवादाने या बाबतीत मदत करावयास हवी होती. परकीय मानदंड नाकारून भूमीशी नाते सांगणाऱ्या या विचाराला भूमी कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न पहिल्यांदा सुचावयास हवा होता. प्रत्यक्षात त्याच्या अनुयायांनी पुष्कळदा देशी वस्तूंची यादी करण्यातच धन्यता मानली. कणगी, मुसळ, जाते, तारपा अशी नामावळी हीही एक संग्राहकाची नोंदवहीच होय.

यावर उपाय म्हणून संग्रह बंद करावेत असे कोणी म्हणणार नाही. अक्करपट्टीचे एखादे छायाचित्र कोणाच्या पेटीत असेल तर ते जपलेच पाहिजे. परंतु ते जपताना त्याची जोड बदलली पाहिजे. एकाच तिवईवरून घेतलेली दोन चित्रे दर्शकात घालून खोलीचा आनंद घेण्याऐवजी, कंपनीच्या जाहिरातपत्रकातील चित्राशेजारी भूसंपादनाची नोटीस ठेवावी. होडीच्या चित्राशेजारी लवादापुढील अर्ज ठेवावा. बोईसरच्या छायाचित्र दुकानात ओळखपत्रासाठी काढलेल्या कंत्राटी कामगाराच्या फोटोशेजारी त्याचे हजेरीपत्रक ठेवावे. या जोड्या डोळ्यांसमोर एकरूप होणार नाहीत. त्यांच्यातील अंतर अडीच इंचांचे नसून दोन पक्षांचे आहे, आणि ते मिटवणे हे समीक्षकाचे काम नाही. चित्राच्या पाठीवर काय छापले आहे, ते कोणी मागवले, कोणत्या वादात ते उभे होते आणि तो वाद मिटला आहे का, हे चार प्रश्न पदव्युत्तर वर्गात कोणत्याही 'दृश्य-दस्तऐवजा'ला पहिल्या दिवशी विचारले गेले पाहिजेत.

या प्रश्नांची निकड वाढवणच्या किनाऱ्यावर आज प्रत्यक्ष जाणवते. डहाणू तालुका १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला होता; तरीही येथील बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. मच्छीमारांचा आणि बागायतदारांचा विरोध त्याआधी कितीतरी वर्षांपासून चालू आहे. अशा वेळी बंदर होण्यापूर्वीची 'शेवटची' चित्रे टिपण्याच्या उत्साहाने कॅमेरे तेथे पोहोचणे अपरिहार्यच आहे. 'शेवटची' हे विशेषण लावताक्षणीच खटल्याचा निकाल लागलेला असतो आणि तो छायाचित्रकाराने लावलेला असतो. वाढवणचे लोक अद्याप आपले म्हणणे मांडत आहेत. त्यांच्या किनाऱ्याच्या चित्राखाली काय लिहायचे, हे आधी त्यांना विचारले पाहिजे.